लिंबूवर्गीय तेलांतील प्रकाशसंवेदकांचे मापन

लिंबूवर्गीय फळांच्या सालींतून मिळणाऱ्या सुगंधी तेलांत त्वचेला उन्हाबाबत संवेदनशील करणारी काही द्रव्ये असतात. त्यांचे प्रमाण ठरविण्याच्या पद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे. ही द्रव्ये मुख्यतः फ्युरोकुमारिने असून त्यांत बर्गॅप्टेन (५-मेथॉक्सिसोरालेन) सर्वांत महत्त्वाचे आहे. दीर्घ तरंगलांबीचे जंबुपार किरण पडले की अशी द्रव्ये डीएनएतील थायमिनाशी जोडली जातात. मग त्वचा लाल होते, क्वचित फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने टिकतात.

कालाब्रियातील (इटली) बर्गामॉटच्या तेलातून कालब्रुनर यांनी १८३४ मध्ये बर्गॅप्टेन वेगळे केले. ओ द कोलोन लावून उन्हात गेल्यावर पडणाऱ्या डागांचे वर्णन फ्रॉइंड यांनी १९१६ मध्ये केले. वनस्पतींतील फ्युरोकुमारिनांशी या विकाराचा संबंध कुस्के यांनी १९३८ मध्ये जोडला. बर्गॅप्टेन व दीर्घ जंबुपार किरण यांचा एकत्रित परिणाम मानवात बहुधा कर्ककारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे.

कोणत्या तेलात किती : दाबून काढलेल्या बर्गामॉट तेलात बर्गॅप्टेन साधारणपणे ०·१ ते ०·३ टक्के असते. लेमनच्या तेलात ते पुष्कळ कमी असते, पण तेथे ऑक्सिप्यूसेडॅनिन या दुसऱ्या संवेदकाची भर पडते. नागानुमा व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये जगातील निरनिराळ्या प्रदेशांतील लेमनची तेले तपासली. दर दशलक्ष भागांत त्यांना बर्गॅप्टेन ४ ते ८७ भाग, तर ऑक्सिप्यूसेडॅनिन २६ ते ७२८ भाग आढळले. दुसऱ्याची तीव्रता पहिल्याच्या सुमारे चौथाई होती. दोन्ही आकडे एकत्र धरले, तर काही नमुन्यांत ऑक्सिप्यूसेडॅनिनाचा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा उरत नाही, म्हणून केवळ बर्गॅप्टेन मोजून लेमनचे तेल निर्धोक ठरविणे चुकीचे होय. शिवाय एकाच नावाच्या तेलांत वीसपटींहून अधिक तफावत असल्याने कोष्टकातील सरासरी आकडा प्रत्यक्ष मोजणीची जागा घेऊ शकत नाही. आपल्याकडील कागदी लिंबाचे दाबून काढलेले तेलही संवेदक आहे, मात्र ऊर्ध्वपातित तेलात जड फ्युरोकुमारिने जवळजवळ येत नाहीत. गोड संत्र्याचे तेल या बाबतीत सौम्य आहे.

वर्णपटमापन : अल्कोहॉलमध्ये विरल केलेल्या तेलाचे जंबुपार शोषण नोंदवितात आणि वक्राच्या दोन खोलगट भागांना स्पर्शरेषा काढून शिखराची तिच्यापासूनची उंची मोजतात. हिला सीडी मूल्य म्हणतात (आयएसओ ४७३५). दाबलेल्या तेलात ऊर्ध्वपातित तेलाची भेसळ असेल, तर हे मूल्य घटते. ते पुन्हा वाढविण्यासाठी जंबुपार किरण शोषणारे परके पदार्थ मिसळण्याचे प्रकारही झाले आहेत. सुरक्षिततेसाठी ही पद्धत अपुरी आहे. बर्गामॉटिन हे द्रव्य बर्गॅप्टेनच्या कित्येक पट असते. रेणूचा गाभा तोच असल्याने ते तशाच तरंगलांबी शोषते, पण प्रकाशसंवेदक म्हणून ते प्रभावी मानले जात नाही. निरुपद्रवी व उपद्रवी द्रव्ये येथे एकाच उंचीत मोजली जातात.

द्रव वर्णलेखन : वायू वर्णलेखनात तेलाचे सुगंधी, उडणारे घटक चांगले कळतात, पण फ्युरोकुमारिने जड व कमी बाष्पनशील असल्याने ती त्या रीतीने नीट हाताळता येत नाहीत. त्यामुळे उच्च कार्यक्षमतेचे द्रव वर्णलेखन हाच भरवशाचा मार्ग ठरला आहे. विरल केलेले तेल अष्टादशकार्बनी (सी-१८) साखळ्या जोडलेल्या सिलिकेच्या स्तंभातून पाणी व ॲसिटोनायट्राइल यांसारख्या द्रावकमिश्रणाने वाहू देतात आणि ३१० नॅनोमीटरच्या आसपासचे शोषण नोंदवितात. प्रत्येक द्रव्याची शुद्ध प्रत हाताशी असावी लागते. ज्याची प्रत नाही त्याचे शिखर दिसते, पण त्याचा आकडा विश्वासार्ह नसतो. संत्र्या-मँडरीनच्या तेलांतील नोबिलेटिन व टँजेरेटिन ही फ्लॅव्होने याच पट्ट्यात शोषण करतात, त्यामुळे केवळ बाहेर पडण्याची वेळ पाहून ओळख पटविणे धोक्याचे आहे. अशा वेळी वस्तुमान वर्णपटमापक जोडणे आवश्यक ठरते. बर्गॅप्टेन काढून टाकलेल्या वा कमी केलेल्या तेलांसाठी आयएसओ ७३५८ हे प्रमाण आहे. मेस्सीना विद्यापीठातील दूगो व मोंदेल्लो यांच्या गटांनी या क्षेत्रात मोठे काम केले आहे.

मर्यादा : सुगंधउद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (इफ्रा) उन्हात येणाऱ्या त्वचेवर राहू देण्याच्या उत्पादनांत दाबलेल्या बर्गामॉट तेलासाठी ०·४ टक्के, आणि बर्गॅप्टेन मोजलेले असल्यास तयार उत्पादनात दर दशलक्ष भागांत १५ भाग, अशी मर्यादा सांगितली. ०·३ टक्के बर्गॅप्टेन असलेले तेल ०·४ टक्के वापरले, तर १२ भाग येतात, म्हणजे दोन्ही आकडे जुळतात. युरोपीय नियमांत ऊनरक्षक व त्वचा सावळी करणाऱ्या उत्पादनांसाठी फ्युरोकुमारिनांची मर्यादा १ भाग आहे. बेरीज कोणत्या फ्युरोकुमारिनांची करावी यावर एकमत नाही.



नमुना : तेल गडद काचेच्या बाटलीत थंड जागी ठेवतात. ठेवणीत खाली बसणाऱ्या साक्यात बर्गॅप्टेन उतरते, म्हणून बाटली हलक्या उबेवर ढवळून साका पूर्ण विरघळल्यावरच मोजणीचा अंश काढतात.