आमच्या गोधडीतले पाच थर

स्मरणिकेसाठी "सोसायटीचा इतिहास सोडून दुसरं काहीही लिहा, तो सेक्रेटरी लिहिणार आहेत" असं समितीने सांगितलं, तेव्हा मी गोधडीवर लिहायचं ठरवलं. पण लिहायला बसल्यावर कळलं की सोसायटीही त्यात येणारच. कारण आमच्या गोधडीचा सगळ्यात वरचा थर याच इमारतीच्या गच्चीवर शिवला गेला आहे.

आपण सगळे राहायला आलो त्या पहिल्या थंडीत गच्ची मोकळी होती. टाक्यांच्या पलीकडे पत्रे नव्हते, डिश अँटेना नव्हत्या. आमच्या सासूबाईंनी दुपारी तिथे सतरंजी टाकली आणि जुनी गोधडी पसरून वर नवी साडी घातली. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि बांधकामाच्या उरलेल्या दोन विटा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या वहिनी स्वतःची सुई घेऊन वर आल्या. आठवड्याभरात सहा-सात जणी जमल्या. तोपर्यंत जिन्यात भेटल्यावर फक्त "पाणी आलं का?" एवढंच बोलणं व्हायचं. कोण लांज्याचं, कोण राजापूरचं, कोणाची मुलगी कितवीत, हे सगळं त्या गोधडीभोवती कळलं.

तीच गोधडी दोन वर्षांपूर्वी फाटली. वरची साडी पॉलिएस्टरची. ती विरत नाही, पण टाक्याशी उसवते आणि सरकते. लेक म्हणाली, "आई, आता टाकून दे. ऑनलाइन छान मिळतात." टाकायच्या आधी शिवण उसवून आत काय आहे ते पाहावं म्हणून मी कात्री घेतली. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. त्यांचं वय तेव्हा सत्त्याऐंशी.

इथे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी जुनी गोधडी कोणी टाकत नसे. विरली की तिच्यावर-खाली नवं लुगडं घालायचं आणि पुन्हा धावदोरा घालायचा. जुनी गोधडी नवीच्या पोटात जायची. त्यामुळे बाहेरून आत जावं तसतसा काळ मागे जातो. नऊवारी लुगडं या कामाला फार सोयीचं. मधोमध फाडून दोन पट्ट्या शेजारी जोडल्या की अंथरुणाएवढी रुंदी मिळते, आणि धुऊन धुऊन सूत इतकं मऊ झालेलं असतं की सुई आपोआप जाते. आधी मोठे कच्चे टाके टाकून थर जागेवर बसवायचे. मग काठापासून सुरू करून चौकोनात फिरत फिरत आत यायचं. भातकापणी, झोडणी उरकली की बायकांना जरा उसंत मिळे, तेव्हा हे काम निघे. आगोटीच्या आधी सगळ्या गोधड्या पऱ्यावर नेऊन बडवायच्या आणि तापलेल्या कातळावर वाळवायच्या. एकदा पाऊस लागला की चार महिने काही वाळत नाही, हे रत्नागिरीकरांना सांगायला नको.

तर, पॉलिएस्टरखाली दुसरा थर निघाला तो १९७०च्या दशकातला. पाचवारी सुती साड्या, आणि मधे भर म्हणून खाकी तुकडे. ते माझ्या नवऱ्याच्या शाळेच्या अर्ध्या चड्डीचे. एका तुकड्यावर खिशाची शिवण तशीच होती. हे पाहून घरातला एक गंभीर माणूस बराच वेळ हसत होता.

तिसरा थर गिरणीचा. आमचे चुलतसासरे मुंबईत गिरणीत होते. रत्नागिरीतल्या कुठल्या घरातला कोणी गिरणीत नव्हता? दावरांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी काढली, तेव्हापासून सव्वाशे वर्षं आपल्या जिल्ह्यातली माणसं बोटीने, मग एसटीने तिकडे जात राहिली. घर मनीऑर्डरवर चालायचं. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आला की ट्रंकेत फेंट असायचे, म्हणजे तागा कापताना उरलेले तुकडे. या थरात एकसारख्या रुंदीच्या छापील पट्ट्या आहेत, काही तर कधी नेसल्या-वापरल्याच नाहीत अशा कोऱ्या. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना पुन्हा आत जाता आलं नाही. चुलतसासरे गावी परत आले. त्यानंतर घरात फेंट आले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "संपानंतर ते या पट्ट्यांकडे बघत पण नसत. म्हणून मी वरून साड्या घातल्या."

चौथा थर हाताला खरखरीत लागला. "हे कंट्रोलचं," सासूबाईंनी बोट लावून लगेच ओळखलं. दुसऱ्या महायुद्धात कापड लष्कराकडे वळलं, बाजारात भाव भडकले, आणि १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रणाचा हुकूम काढला. मग जे मिळेल ते, मिळेल तेव्हा, रांगेत उभं राहून. सासूबाई त्या वेळी सहा-सात वर्षांच्या, माहेरी. त्यांनाही त्याच कापडाचं परकर-पोलकं होतं आणि ते काचायचं, एवढं त्यांच्या पक्कं लक्षात आहे. पण या थराची खरी गोष्ट त्यावरच्या ठिगळांत आहे. बोटभर फाटलेलंही टाकलेलं नाही. ठिगळावर ठिगळ, त्यावर पुन्हा ठिगळ.

आणि त्याच्या खाली पाचवा थर लाल होता.

तो लाल लुगड्याच्या काठाचा लाल नव्हे. काठ नाही, पदर नाही, नक्षी नाही. सगळं कापड एकाच मातकट रंगाचं. मला क्षणभर कळलं नाही. सासूबाईंनी हात पुढे केला, कापड चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "हे आत्याबाईंचं आलवण."

आजच्या मुलींना हा शब्द माहीत नाही, ते बरंच आहे. आपल्याकडे ब्राह्मण घरांत नवरा गेला की बाईचे केस काढत आणि तिला हे लाल आलवण नेसायला देत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची आत्या. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आल्या आणि शेवटपर्यंत इथेच राहिल्या. सासूबाई १९५६ साली लग्न होऊन घरात आल्या तेव्हा आत्याबाई सत्तरीच्या पुढे होत्या. घरातल्या सगळ्या गोधड्या, दुपटी, बाळंतविड्यातली टोपडी-झबली त्यांच्या हातची. नव्या सुनेला त्यांनीच शिकवलं. "शिकवलं म्हणजे काय, समोर बसवलं आणि दोरा हातात दिला. चुकलं की काही न बोलता उसवायच्या. परत दोरा हातात." सासूबाईंनी ते मला शिकवलं आणि मी लेकीला. माझा टाका आत्याबाईंच्या टाक्याशेजारी ठेवून पाहिला. त्यांचा बारीक आणि एकसारखा. माझा जरा उड्या मारतो. दोराही विकतचा नव्हता, लुगड्याच्या काठातून ओढून काढलेला होता.

मी विचारलं, "आत्याबाईंचं नाव काय होतं?"

सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "कधी कोणी घेतलंच नाही गं."

आम्ही शोधलं. सातबाऱ्यावर त्यांचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. घराण्याचा कुळवृत्तांत काढला. त्यात त्यांच्या भावाची नोंद अर्धं पान आहे, आणि वडिलांच्या नोंदीच्या शेवटी "एक कन्या" एवढंच. फोटो नाही. केस काढलेल्या बाईला फोटोत कोण बसवणार? त्यांचं सासरचं गाव कुठलं, हेही आता सांगणारं कोणी नाही.

याच जिल्ह्यातली दुसरी एक बालविधवा होती. देवरुखच्या गोदूबाई जोशी. भावाने त्यांना मुंबईला नेलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली काढलेल्या शारदा सदनात त्या शिकल्या आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. तीन वर्षांनी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि त्यांनी "माझे पुराण" हे आत्मचरित्र सांगितलं, म्हणून त्या आपल्याला माहीत आहेत. आमच्या आत्याबाईंना कोणी मुंबईला नेलं नाही. त्यांना सुई मिळाली.

एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून सुटत नाही. विधवेचं वस्त्र अशुभ मानायचे, म्हणून आलवण गोधडीच्या वर कधी दिसू द्यायचं नाही, अशी ताकीद होती. ते सगळ्यात आत. आत्याबाई बारशाला पुढे येत नसत, हळदीकुंकवाला माजघरात बसून राहत. आणि ज्या बाळाच्या बारशाला त्या नव्हत्या, ते बाळ रात्री त्यांच्याच लुगड्यात गुंडाळलेलं असे. माझे सासरे, माझा नवरा, माझी लेक, सगळे याच गोधडीत वाढले.

गोधडी म्हणजे चिंध्या, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. गाडगेबाबांना लोक गोधडे बुवा म्हणत ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांमुळे. पण हेच काम जगभर गरीब घरांतल्या बायकांनी केलं आहे. बंगालात त्याला कांथा म्हणतात, बिहारात सुजनी. कारवार जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळच्या जंगलात राहणाऱ्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्या चारही कोपऱ्यांत कापडाची घडी घालून "फूल" बसवतात, आणि फुलं नसतील तर कवंदी उघडी समजतात. अमेरिकेत अलाबामात गीज बेंड नावाच्या गावात एकेकाळच्या गुलामांच्या लेकी-नातींनी कामाच्या जुन्या कपड्यांपासून गोधड्या शिवल्या, आणि २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. आपल्याकडेही आता बचत गटांच्या गोधड्या प्रदर्शनात चांगल्या भावाने जातात. बायकांच्या हातात पैसा येतो, हे उत्तमच आहे. पण त्या नव्या कापडाच्या असतात. त्यांच्या पोटात कोणी नसतं.

आम्ही गोधडी टाकली नाही. ज्या लेकीने टाक म्हटलं होतं तिनेच स्वतःच्या दोन सुती ओढण्या आणून दिल्या. बाकीचे चारही थर होते तसेच ठेवले, फक्त पॉलिएस्टर काढलं. सासूबाईंचा हात आता कापतो, तरी काठाचे पहिले दहा-बारा टाके त्यांनीच घातले. ते वाकडे आहेत. ते उसवायची माझी छाती झाली नाही. एका कोपऱ्यात वीतभर जागा आम्ही वरून झाकली नाही. चौथ्या थरालाही तेवढी खिडकी ठेवली आहे, तिथे आतलं लाल दिसतं. लेकीला त्यावर नाव विणायचं होतं. नाव नाहीच, म्हणून तिने पांढऱ्या दोऱ्याने "आत्याबाई" एवढंच विणलं.

आपल्या सोसायटीत आता बऱ्याच घरांत नूतनीकरण चाललं आहे. माळे रिकामे होत आहेत आणि जिन्याखाली जुन्या अंथरुणांचे गठ्ठे दिसतात. माझी एवढीच विनंती आहे. गठ्ठा भंगारवाल्याला देण्याआधी एक कोपरा उसवून बघा आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला शेजारी बसवा. कापड कोणाचं, ते विचारा आणि लगेच कागदावर लिहून ठेवा. आम्हाला विचारायला सासूबाई होत्या, तरी एक नाव निसटलंच.

आणि ज्यांना टाका शिकायचा असेल त्यांनी डिसेंबरपासून रविवारी दुपारी गच्चीवर यावं. सतरंजी मी आणीन. सुई प्रत्येकाने आपापली आणावी. पुरुषांनाही मनाई नाही.