गडचिरोलीच्या बाया, बार्शीचा दवाखाना आणि आपलं सोनाळा

"अंगावर पांढरं जातं" हे आपल्या भागात बाई बाईलाच सांगते. दवाखान्यात मात्र ती कंबर दुखते म्हणून जाते. तालुक्याच्या बातम्या लिहिताना रस्ते, पीकविमा, पाणीटंचाई यांवर मी पानं भरली. या दुखण्यावर दोन ओळी लिहायचा प्रसंग क्वचित आला. म्हणून आज थोडा इतिहास, आपल्याच महाराष्ट्रातला.

१९८९ साली गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तर ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक संसर्गाचा आजार निघाला. आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्यांनी सगळं अंगावर काढलं होतं. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण, हा समज तिथं मोडला.

दुसरी गोष्ट बार्शीची. तिथलं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी मिळून १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास केला. चार गट होते. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, तीही एकदाच. आठ वर्षांत गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने त्या गटात ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात ६४. गट साधारण सारखेच मोठे. २००९ मध्ये हे निष्कर्ष आले आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्यांची दखल घेतली. पण तपासणी न झालेल्या गटातल्या बायांचं काय, हा प्रश्नही पुढे विचारला गेला, आणि तो रास्तच होता.

एका चाचणीने एवढा फरक का पडतो? हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेकदा आपोआप जातो. टिकून राहिला तर पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बिघडतात, पण कॅन्सर व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं लागतात. तेवढ्या अवधीत बिघाड सापडला, तर छोट्या उपचाराने तो काढून टाकता येतो. साधं ॲसिटिक ॲसिड लावूनही प्रशिक्षित सिस्टर संशयित जागा ओळखू शकते.

आणि पुरुषांनो, हा विषाणू आपल्याकडूनही जातो. दोष मात्र बाईच्या चारित्र्याला लागतो, म्हणून ती गप्प बसते. निरोधने हा धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. इतर लैंगिक आजारांत दोघांनीही औषध घ्यावं लागतं. एकट्या बायकोने गोळ्या खाऊन भागत नाही.

३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असं केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांत आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या जेमतेम दोघींची तपासणी झालेली दिसली. ९ ते १४ वयाच्या मुलींसाठीची लस तर २०२२ पासून पुण्यात बनते.

येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा : आपल्या भागात ही तपासणी कोणत्या दिवशी होते, वर्षभरात किती जणींची झाली, आणि लस कुठे मिळते? संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जात असेल, तर मात्र ग्रामसभेची वाट पाहू नका. आशाताईंना गाठा, दवाखान्यात जा.