एकल कलाकाराची साथ : तानपुऱ्यापासून ध्वनिमुद्रित ट्रॅकपर्यंत

प्रस्तावना
नागपूरच्या धरमपेठेसारख्या वस्तीत गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा घरगुती समारंभात आज एकच गायक मोबाईल व ध्वनिवर्धक यांच्या बळावर तास-दोन तासांचा कार्यक्रम सादर करू शकतो. मंचावर वादक नसतात, वाद्यमेळ मात्र ऐकू येतो. एकल कलाकाराच्या साथीत हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यात काय साधले, काय गमावले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका
आपल्या संगीतात ‘एकल’ ही संज्ञा सापेक्ष आहे. एकल तबलावादनालाही लेहरा लागतो. हार्मोनियम वा सारंगीवर एका आवर्तनाची स्वरावली अखंड वाजत राहते आणि तिच्या आधारे वादक कायदे, रेले, तुकडे मांडतो. तानपुऱ्याचा षड्ज तर गायनाचे अधिष्ठानच होय. मिरजेतील कारागिरांच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही या परंपरेची दखलच होय. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) स्वतः खंजिरी वाजवीत भजने गाइली. तेथे गाणारा व लय सांभाळणारा एकच होता.

यांत्रिक साथीचा उदय
बासरीवादक अभियंते जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये बंगळूर येथे राडेल ही संस्था स्थापून इलेक्ट्रॉनिक तानपुरा प्रचारात आणला. पुढे यांत्रिक तबला व लेहराही आला. एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. सुगम संगीताच्या क्षेत्रात कीबोर्ड व ऑक्टोपॅड यांनी वाद्यवृंदातील वादकांची संख्या घटविली. जपानमधील कोबे येथे दाइसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये कराओकेचे यंत्र तयार केले होते. ती कल्पना कॅसेट व सीडीच्या मार्गाने अखेर मोबाईलमध्ये येऊन स्थिरावली. आता ट्रॅकची लय न बदलता पट्टी आणि पट्टी न बदलता लय बदलता येते.

विवेचन
या साधनांनी मंचाचे दार अनेकांसाठी उघडले, हे मान्य केले पाहिजे. वादकांचे मानधन न परवडणारी गृहिणी वा निवृत्त कर्मचारी आज श्रोत्यांसमोर गाऊ शकतात. तथापि ट्रॅक ऐकवतो, ऐकत नाही. गायकाने अंतरा दोन मात्रा उशिरा उचलला, तर जाणता तबलजी त्याला सांभाळून घेतो. ट्रॅक पुढे निघून जातो. तबलावादकाने लय वाढविली की लेहरेकरी तिच्यासोबत चालतो. यंत्राची लय वाढवायला मात्र कोणाला तरी कळ दाबावी लागते. परिणामी कलाकार उत्स्फूर्ततेला मुरड घालतो. ट्रॅकमध्ये जेवढी आवर्तने, तेवढीच आलापाला जागा उरते. शिवाय, लहान कार्यक्रमांतूनच नवोदित साथीदार घडतो. ती संधी आटल्यास केवळ त्याची उपजीविकाच नव्हे, तर साथीची विद्याही क्षीण होते.

निष्कर्ष
साथ ही पार्श्वभूमी नसून संवाद आहे. रियाजासाठी यंत्र उपयुक्त आहे, त्याला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु महाविद्यालयीन स्नेहसंमेलने व स्पर्धा यांतून तरी प्रत्यक्ष साथसंगतीचा आग्रह धरला जावा. ट्रॅकवर उत्तम गाणारा विद्यार्थी दुसऱ्याचे ऐकून गाण्यास शिकलाच असेल, असे नाही. ते शिकविणे हे शिक्षकाचेच काम आहे.