वणव्याचा धूर आणि माणसाचे काळीज

फाल्गुन सरत आला की यवतमाळभोवतीच्या टेकड्यांवर रात्री आगीची माळ दिसू लागते. गच्चीवरून पाहणाऱ्याला ती शोभेची वाटते. सकाळी अंगणात करपलेल्या पानांची राख आढळते. ती झाडून आपण कामाला लागतो. या वणव्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक प्रकरण लिहावयाचे राहून गेले आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, पदवीधरही नव्हे. जंगलमजुरांची संघटना बांधता बांधता जे वाचले आणि पाहिले, तेवढेच आमचे भांडवल.

वणवा आपोआप क्वचितच लागतो. मोहफुले वेचताना खालचा पाला आड येतो, म्हणून तो जाळतात. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून रान पेटवितात. शेतकरी धुऱ्यावरचे गवत आणि पऱ्हाटी जाळतो, आणि वारा ती आग जंगलात नेतो. इंग्रजी अमलात सागाला मोल आले आणि ही आग गुन्हा ठरली. १८६५, १८७८ आणि १९२७ असे वनांचे कायदे झाले. १९२७ च्या कायद्याने आणखी एक बंधन घातले : जो जंगलातून पानफूल घेतो, त्याने वणवा विझवावयास धावलेच पाहिजे. जंगलच्या कायद्यांचा जाच असह्य झाला, तेव्हा १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी आपल्याच जिल्ह्यात, पुसदला, राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. गवतावर हक्क कोणाचा, हा प्रश्न देशापुढे आला. धुराचा प्रश्न मात्र मागेच राहिला.

आणि योगायोग पाहा! त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेल्जममधील म्यूज नदीच्या खोऱ्यात कारखान्यांचा धूर धुक्यात कोंडला आणि सुमारे ६० माणसे दगावली. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराची चादर पसरली. तेव्हा ४,००० मृत्यू मानले गेले; पुढील अभ्यासकांनी तो आकडा सुमारे १२,००० वर नेला. दगावलेल्यांत फुप्फुसांचे रोगी होते, तसे हृदयाचेही होते. धूर छातीला लागतो हे चुलीपुढे बसणाऱ्या आजीबाईलाही ठाऊक असते. तो काळजालाही लागतो, हे शास्त्राला पटावयास वेळ लागला. २००४ साली अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा संबंध जाहीरपणे मांडला.

हे घडते कसे? धुरातील सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनहूनही लहान. आपला केस त्याच्या वीसपंचवीस पट जाड. नाकातले केस त्याला अडवू शकत नाहीत, आणि तोंडावरचा दुपट्टाही फारसा नाही. तो फुप्फुसाच्या टोकाशी पोचतो आणि तेथे दाह उठवितो. त्या दाहाने रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, रक्त लवकर गोठू लागते, नाडीचा ताल बिघडतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. म्हणजे हृदयाला काम अधिक आणि शिधा कमी! ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला हे सोसत नाही. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यांवर अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा धुरामुळे ४१७ अधिक मृत्यू आणि हृदयरोगाने रुग्णालयात दाखल झालेले १,१२४ अधिक रोगी निघाले. ज्वाळांनी मेलेल्यांची संख्या याहून पुष्कळ कमी होती.

आता आमच्या रानात या. आमच्या संघटनेचा एक मजूर, वय पन्नाशीचे, तीन रात्री हिरव्या फांद्यांनी वणवा झोडपून घरी आला आणि पहाटे छातीत कळ येऊन गेला. धुरानेच गेला, असे आम्ही शपथेवर सांगणार नाही. तंबाखू होती, वय होते. पण भरपाईचा अर्ज घेऊन आम्ही गेलो, तेव्हा आम्हांला विचारण्यात आले, “भाजल्याची खूण कुठे आहे?” आम्ही निरुत्तर झालो. काळजावरची खूण दाखवावी तरी कशी?

तो प्रश्न आजही आमच्या मनात सलतो. किती हेक्टर रान जळले, किती साग गेला, हे लिहिले जाते. ते लिहिलेच पाहिजे. पण धुरात किती माणसे उभी होती, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचे काय झाले, हेही त्याच कागदावर का येऊ नये? उन्हाळ्यापूर्वी वणव्यावर जाणाऱ्याचा रक्तदाब आणि हृदयाचा आलेख तपासावा, पाळ्या बदलाव्यात, बारीक कण अडविणारी मुखपट्टी द्यावी : मागणे एवढेच आहे.

आणि नगरवासीयांनो, धूर उतरेल त्या दिवशी घरातील हृदयरोग्याला खिडक्या लावून आत बसवा, औषध चुकवू नका. छातीत दडपण आले, घाम फुटला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. टेकडीवरची ती माळ पुन्हा दिसेल, तेव्हा तिच्याखाली कोणीतरी फांदी घेऊन उभा आहे, एवढे स्मरणात असू द्या.