राग रॉक, १९७०

भंडाऱ्याची ओळख पितळेची. ‘भाणा’ म्हणजे पितळेचं भांडं, त्यावरून गावाचं नाव पडलं असं आमच्याकडे सांगतात. म्हणून आधी पितळेचीच एक गंमत. सॅक्सोफोन दिसतो पितळेचा, असतोही पितळेचा, पण वाद्यांच्या वर्गीकरणात तो बासरी-क्लॅरिनेटच्या घरात, म्हणजे लाकडी वाद्यांत मोडतो. कारण त्याचा आवाज तोंडाशी असलेल्या वेताच्या पातळ पट्टीतून, रीडमधून सुरू होतो. एका घरात जन्मून दुसऱ्या घरात नांदणारं हे वाद्य.

१९७० मध्ये ब्राझ गोन्साल्विस या गोव्याच्या सॅक्सोफोनवादकाने सात जणांचा संच घेऊन एक रेकॉर्ड केली. नाव ‘राग रॉक’. त्या काळात भारतीय संगीत आणि जॅझ यांना एकत्र आणणारी भारतात झालेली ही अगदी सुरुवातीची रेकॉर्ड. तरी आज जॅझ ऐकणाऱ्या मराठी मुलांनाही ती बहुधा माहीत नसते. असं का झालं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या पॅरिश शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्यामुळे कागदावरचं संगीत वाचून वाजवणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं तयार झाली आणि पोटासाठी मुंबईला आली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. गोव्याच्या वादकांना जॅझ रेकॉर्डवरून माहीत होतं; आता ते समोर वाजत होतं. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ ट्रम्पेट वाजवत पुढे ‘चिक चॉकलेट’ झाला आणि मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला गेला.

मग स्वातंत्र्य आलं, पाठोपाठ १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. नाइटक्लबचा धंदा बसायला लागला आणि वादक सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले. तिथे त्यांची गरज होतीच. संगीतकाराने चाल गुणगुणायची; ती कागदावर उतरवून पन्नास वाद्यांत वाटण्याचं काम यांचं.

१९५१ चा ‘अलबेला’ घ्या. नायक-दिग्दर्शक भगवानदादा अमरावतीत जन्मलेले. संगीतकार सी. रामचंद्र मूळचे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, पण नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले. म्हणजे अर्धा सिनेमा आमच्या विदर्भाचाच! आणि त्यात पडद्यावर चिक चॉकलेट आपल्या बँडसह दिसतो. इथे मात्र तो निदान दिसतो. बाकी शेकडो गाण्यांत वाजवणाऱ्यांचा चेहरा नाही आणि नावही नाही.

ब्राझ गोन्साल्विस याच जगातला. पुढे चिक चॉकलेटची गायिका मुलगी इव्हॉन हिच्याशी त्याचं लग्न झालं. पण त्याच्या पिढीसमोर प्रश्न वेगळा होता. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेकचा चौघांचा संच भारतात आला आणि मुंबईत ब्रूबेक सितारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवायला बसला. १९६१ मध्ये जॉन कोल्ट्रेनने ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली. १९६६ पर्यंत अमेरिकेत ‘राग रॉक’ हा शब्दच चलनात आला होता. जग रागाकडे निघालं होतं, आणि रागाच्या शेजारी राहणारे हे वादक क्लबात अमेरिकन धून आणि स्टुडिओत दुसऱ्याची चाल वाजवत होते.

तांत्रिक अडचणही खरी होती. जॅझमध्ये पायाखालची जमीन सतत बदलते: एक-दोन मात्रासमूहांनी कॉर्ड बदलते आणि वादक तिच्यावर सुचेल ते रचतो. रागात जमीन हलत नाही. तानपुऱ्याचा सा तोच राहतो. या दोघांना जोडणारा पूल १९५९ मध्ये माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ने सोपा केला. त्यातली ‘सो व्हॉट’ ही रचना सुरुवातीचे सोळा बार एकाच स्वरसप्तकावर थांबते. त्या सप्तकाला तिकडे डोरियन म्हणतात. आपल्याकडे त्याचेच स्वर काफी थाटाचे. दुसरी अडचण मींडेची. सॅक्सोफोनच्या चाव्या स्वर ठरावीक जागी बांधून टाकतात. दोन स्वरांमधली घसरण ओठांच्या आणि श्वासाच्या दाबाने काढावी लागते.

म्हणून ‘राग रॉक’ हे नाव मला फॅशन वाटत नाही. चर्चच्या स्वरलिपीत वाढलेल्या माणसाने शेजारच्या घराचं दार वाजवलं आणि अमेरिकेने फिरवून दिलेलं नाव उलट आपल्या रेकॉर्डवर लावलं. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांनी मुंबईत जॅझ यात्रा सुरू केली, तेव्हा या मिश्रणाला मोठं व्यासपीठ मिळालं. रेकॉर्ड त्याच्या आठ वर्षं आधीची.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे विसरण्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. आपण म्हणतो, वादकांची नावं हरवली. पण हरवायला ती आधी नोंदवलेली असावी लागतात. सिनेमाच्या टायटलमध्ये रकाने होते संगीतकार, गीतकार, गायक यांचे. ट्रम्पेटवाल्यासाठी रकानाच नव्हता. मोबाइलवरच्या ॲपनी तेच रकाने उचलले. डेटा नसेल तर पुढे कधीतरी भरता येतो. रकाना नसेल तर काहीतरी राहून गेलंय हेच कुणाला कळत नाही. ‘राग रॉक’ची किंमत इथे आहे. तिच्यावर पहिलं नाव वादकाचं आहे.

हा प्रश्न मुंबई-गोव्यापुरता नाही. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, होळीच्या आसपास संपतो. रात्रभर नाटक, गाणी जिवंत, वादक रंगमंचाजवळ बसलेले. पहाटेपर्यंत हजारो माणसं त्यांना ऐकतात आणि घरी जाताना नटांबद्दल बोलतात. यंदाच्या हंगामात जितकी नाटकं बघेन, तितक्या ठिकाणी ऑर्गन आणि ढोलक कोण वाजवत होतं ते विचारून, त्यांची हरकत नसेल तर तारखेसह लिहून ठेवणार आहे. साधी एक्सेल शीट पुरेल. पहिला रकाना वादकाचा.