मूकपटांतील राज्यक्रांती : इतिहास व प्रचार

राजकीय क्रांती, उठाव किंवा स्वराज्यस्थापना यांवरील मूकपटांत इतिहासनिष्ठा आणि प्रचार यांचे मिश्रण आढळते. अशा चित्रपटांना एकाच वेळी दोन काळांशी संबंध ठेवावा लागे : कथानकातील घटनेचा काळ आणि चित्रपट दाखविला जाण्याचा काळ. निर्माते, शासन व अभ्यवेक्षण मंडळे या सर्वांचे लक्ष मुख्यतः दुसऱ्या काळावर असल्याने पहिल्या काळाच्या सत्यासत्यतेची जबाबदारी सहसा कोणीच घेतली नाही. या चित्रपटांचे ऐतिहासिक मूल्य ठरविताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

मूकपटाचे माध्यमच या मिश्रणास अनुकूल होते. दृश्य भावना जागवी. पण स्थळ, काळ, व्यक्ती व घटनेचा अर्थ प्रेक्षकाला कळे तो मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवरून. भारतात या पाट्या अनेकदा दोन-तीन भाषांत असत. पाटी बदलणे हे चित्रण पुन्हा करण्यापेक्षा कितीतरी सोपे व कमी खर्चाचे होते. त्यामुळे तेच दृश्य वेगळ्या पाटीसह वेगळा अर्थ देऊ शके. प्रचारक आणि अभ्यवेक्षक या दोघांनाही ही सोय उपयोगी पडली.

परदेशातील उदाहरणे : अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याने ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म (१९२१) या फ्रेंच राज्यक्रांतीवरील चित्रपटाच्या आरंभीच्या पाट्यांत बोल्शेव्हिकवादाविरुद्ध इशारा दिला. १७८९ नंतरच्या पॅरिसचे चित्रण अशा रीतीने १९१७ च्या रशियाविषयीचे मत बनले. सोव्हिएट रशियात १९१९ साली चित्रपट उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि तेथे हीच साधने उलट हेतूने वापरली गेली. सर्गेई आयझेनस्टाइनच्या बॅटलशिप पोटेमकिन (१९२५) या चित्रपटातील निकृष्ट मांसावरून झालेला खलाशांचा उठाव ही १९०५ ची सत्य घटना होय. तथापि ताडपत्रीखाली उभे केलेले खलाशी ही दिग्दर्शकाची कल्पना होती. ओडेसा शहरात गोळीबार व प्राणहानी झाली होती, पण पायऱ्यांवरील दिवसाढवळ्या झालेला संहार हे चित्रपटाने रचलेले रूप आहे. नौकेने अखेर रूमानियातील कॉन्स्टान्त्सा बंदरात शरणागती पतकरली, हा शेवट चित्रपटात नाही. आरंभीच्या पाटीवरील ट्रॉट्स्कीचे वचनही पुढे काढण्यात येऊन तेथे लेनिनचे वचन घालण्यात आले. चित्रपट तोच राहिला. क्रांतीचा प्रवक्ता मात्र बदलला.

ऑक्टोबर (१९२८) हा त्याच दिग्दर्शकाचा चित्रपट क्रांतीच्या दशवार्षिक उत्सवानिमित्त तयार करण्यात आला. त्यात हिवाळी राजवाड्यावर प्रचंड जनसमुदाय तुटून पडतो. प्रत्यक्षात नोव्हेंबर १९१७ मध्ये राजवाड्याचा बचाव दुर्बळ होता व तेथे प्राणहानी अल्प झाली. १९२० साली राजवाड्यासमोरील चौकात या प्रसंगाचा भव्य नाट्यप्रयोग झाला. त्याची छायाचित्रे आणि या चित्रपटातील दृश्ये पुढे कित्येक ठिकाणी मूळ घटनेची म्हणून छापली गेली. याउलट एस्फिर शुब हिने द फॉल ऑफ द रोमानॉव्ह डिनॅस्टी (१९२७) हा चित्रपट जुन्या वार्तापटांतील खऱ्या दृश्यांतून संकलित केला. त्यातही दृश्यांचा क्रम आणि पाट्या झारशाहीविरुद्ध युक्तिवाद करतात. दृश्य अस्सल असले, म्हणजे त्यावरून काढलेला निष्कर्ष निःपक्षपाती असतोच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

महाराष्ट्रातील मूकपट : कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे मुळात चित्रकार व शिल्पकार होते. नेपथ्य, वेशभूषा व शस्त्रे यांविषयी ते विशेष दक्ष असत. त्यांचा सिंहगड (१९२३) हा चित्रपट हरि नारायण आपटे यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवर आधारलेला होता. मात्र तानाजीच्या मरणानंतर कोंढाण्यास सिंहगड हे नाव मिळाले, ही कथा इतिहासास धरून नाही. ते नाव १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारातही आढळते. घोरपडीच्या साहाय्याने कडा चढल्याची हकीकत तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात आहे, परंतु सभासद बखरीत (सु. १६९७) ती नाही. वस्तूंचा अस्सलपणा आणि घटनांचा अस्सलपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर पहिली साधली, की प्रेक्षक दुसरी गृहीत धरतो.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९१८ चा चलच्चित्रण अधिनियम व १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे स्थापन झालेली मंडळे यांमार्फत अभ्यवेक्षण चाले. इतिहासाची अचूकता हा त्याचा विषय नव्हता. कोहिनूर कंपनीच्या भक्त विदुर (१९२१) या चित्रपटातील विदुराला गांधीटोपी व खादीचा वेश दिलेला होता. कराचीत त्यावर बंदी आली, ती महाभारताशी विसंगती असल्यामुळे नव्हे, तर विदुराच्या जागी महात्मा गांधी दिसत असल्यामुळे. प्रभात फिल्म कंपनीचा व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपट प्रथम स्वराज्याचे तोरण या नावाने तयार झाला. त्याचा विषय शिवाजी महाराजांनी सु. १६४६ मध्ये तोरणा किल्ला घेतल्याचा होता. मंडळाने ‘स्वराज्य’ या शब्दास व ध्वजारोहणाच्या दृश्यास हरकत घेतली. अखेर १९३० मध्ये तो उदयकाल या नावाने प्रदर्शित झाला. सतराव्या शतकातील स्वराज्याचा उल्लेख इतिहासाच्या दृष्टीने निर्दोष होता. पण सविनय कायदेभंगाच्या वर्षात तोच शब्द राजकीय मागणी ठरला.

मराठवाड्याची स्थिती निराळी होती. गेवराई (जि. बीड) व आसपासचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शेजारचा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा मात्र मुंबई इलाख्यात होता. म्हणजे एकाच भाषेच्या सलग प्रदेशात चित्रपटाविषयी दोन भिन्न सत्तांचे निर्णय चालत. गेवराई तालुक्यातील गोदाकाठच्या राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला होता. अशा भूमीत पडद्यावर कोणता इतिहास यावा, हा केवळ करमणुकीचा प्रश्न राहणे शक्य नव्हते. संस्थानी दृष्टिकोनाचे उदाहरण १९२४ मध्ये हैदराबाद शहरात मिळाले. लोटस फिल्म कंपनीचे संस्थापक धीरेन गांगुली यांनी आपल्या चित्रपटगृहात रझिया बेगम हा मूकपट दाखविला. सुलताना रझिया (कार. १२३६–४०) हिचा इतिहासातील निकटवर्ती जमालुद्दीन याकूत हा हबशी होता, चित्रपटात मात्र मुस्लिम राणी आणि हिंदू प्रजाजन यांची प्रेमकथा होती. निजामाने गांगुली यांना संस्थान सोडण्याचा हुकूम दिला. येथेही खटकली ती इतिहासाची चूक नव्हे, तर त्या कथेचा वर्तमानातील अर्थ.

मूल्यमापन : भारतात सु. १,३०० मूकपट तयार झाले. त्यांपैकी फारच थोडे आज उपलब्ध आहेत. पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोपर्यंत ज्वलनशील नायट्रेट फितींवरील बहुतेक चित्रपट नष्ट झाले होते. म्हणून पुष्कळदा चित्रपटाऐवजी जाहिराती, आठवणी व अभ्यवेक्षणाच्या नोंदी हीच साधने उरतात. त्यांवरून १६४६ किंवा १७८९ विषयी फारसे काही कळत नाही. परंतु १९२१ किंवा १९३० मध्ये सत्ता कोणत्या शब्दाला भीत होती आणि प्रेक्षक जुन्या कथेत कोणती आशा शोधत होता, हे स्पष्टपणे कळते. या अर्थाने राज्यक्रांतीवरील मूकपट हा आपल्या विषयाचा अविश्वसनीय, पण आपल्या काळाचा विश्वसनीय साक्षीदार होय.