वाचून दाखवणारा तिसरा : दृष्टिहीनांची सुगम्यता आणि खाजगीपण

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील सिलतरा हे आज गावापेक्षा औद्योगिक क्षेत्र म्हणूनच अधिक ओळखले जाते. स्पंज आयर्न आणि पोलादाच्या कारखान्यांनी वेढलेल्या अशा वस्तीतील रोजचा व्यवहार मोठ्या प्रमाणात अक्षरांवर चालतो. फाटकावरील सूचना, वजनकाट्याची पावती, हजेरीपत्रक, मजुरीचा हिशेब, बसच्या कपाळावरील गावाचे नाव ही सर्व अक्षरे डोळस माणसाला गृहीत धरून लिहिलेली असतात. दृष्टिहीन माणूस येथे एकटा आला तर पावलोपावली त्याला कोणाला तरी थांबवून विचारावे लागते. कॅमेरा बसविलेला चष्मा नेमका हा विचारण्याचा प्रसंग टाळतो. समोरचा मजकूर टिपून तो कानाजवळ वाचून दाखवतो. मात्र पाटी टिपताना पाटीखाली उभा असलेला माणूसही टिपला जातो. त्यामुळे या चष्म्याविषयीची चर्चा बहुधा ‘अंधांची सोय विरुद्ध इतरांचे खाजगीपण’ अशा द्वंद्वाच्या रूपात मांडली जाते. इतिहासाच्या दृष्टीने पाहता ही मांडणी अपुरी आहे. दृष्टिहीनाला जगाचे दार जेव्हा जेव्हा उघडले गेले, तेव्हा त्याची किंमत प्रथम त्याच्या स्वतःच्या खाजगीपणातून वसूल झाली आहे. अक्षर आणि तो यांच्यामध्ये नेहमीच कोणी तिसरा उभा होता.

या तिसऱ्याचे सर्वांत जुने आणि सर्वपरिचित रूप म्हणजे संजय. महाभारताच्या भीष्मपर्वात व्यास प्रथम धृतराष्ट्रालाच दृष्टी देऊ करतात. स्वकीयांचा संहार पाहण्याची इच्छा नसल्याने तो ती नाकारतो आणि केवळ ऐकण्याची इच्छा व्यक्त करतो. मग वर मिळतो तो संजयाला. त्या वराची व्याप्ती लक्षात घेण्याजोगी आहे. उघड असो वा गुप्त, दिवसा घडो वा रात्री, किंबहुना कोणी मनात आणलेले असो, ते सर्व संजयाला कळेल, असे व्यास सांगतात. म्हणजे अंधाला युद्ध ‘सुगम’ करण्यासाठी रणांगणावरील प्रत्येकाचे मनोगत तिसऱ्यासमोर उघडे केले गेले. दोन मित्रांमधील जो संवाद पुढे गीता म्हणून जगाला मिळाला, त्याला संजय स्वतःच गुह्य म्हणतो. तो संवाद ऐकला जात आहे हे त्या दोघांना ठाऊक होते काय, असा प्रश्न टीकाकारांना फारसा पडलेला दिसत नाही.

पुराणकथा बाजूला ठेवली तरी वाचून दाखवणाऱ्याची गरज केवळ अंधांपुरती मर्यादित नव्हती. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर १७४१ पासून बसत गेला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत, १८१८ ते १८३० ही इंग्रजी देखरेखीची वर्षे वगळता, तो कमी-अधिक प्रमाणात टिकला. मराठी राज्यव्यवहारात पत्र लिहिणे हे चिटणीसाचे काम आणि अक्षरओळख नसलेल्याला ते वाचून दाखविणे हे कारकुनाचे. चिटणीस विश्वासू असावा लागे, कारण धन्याचे गुपित त्याच्या मुठीत असे. पुढे इंग्रजी अमदानीत टपाल गावोगाव पोचले तेव्हा निरक्षर बाई परगावच्या मुलाचे पत्र पोस्टमनकडून किंवा शाळामास्तरांकडून वाचून घेई. निरक्षर आणि अंध एका अर्थी एकाच रांगेत उभे होते. साक्षरता वाढली तसे निरक्षर त्या रांगेतून बाहेर पडू लागले. अंध मात्र तेथेच राहिले. पूर्वी जी गोष्ट बहुसंख्यांची होती ती आता त्यांचे वैगुण्य ठरली, हा फरक सामाजिक इतिहासाने पुरेसा नोंदविलेला नाही.

विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) हे या परंपरेतील असामान्य उदाहरण होय. अमरावती जिल्ह्यातील माधान येथे वाढलेल्या महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरीही त्यांची ग्रंथसंपदा शंभराहून अधिक कृतींची आहे. ग्रंथ इतरांकडून वाचवून घ्यायचे, स्मरणात ठेवायचे आणि स्वतःचे विवेचन लेखनिकाला सांगायचे, अशी ही पद्धती होती. त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून गौरविले जाते आणि ते यथार्थच आहे. मात्र त्या गौरवाच्या प्रकाशात एक साधी गोष्ट दिसेनाशी होते. ज्याला प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते आणि दुसऱ्याच्या हातून लिहावी लागते, त्याला स्वतःपुरते काही वाचण्याची किंवा लिहून ठेवण्याची मुभा नसते. विद्वानाच्या बाबतीत ही उणीव शिष्यमंडळाच्या भक्तीने झाकली जाते. सामान्य माणसाच्या बाबतीत ती झाकायला काहीच नसते.

या अवस्थेतून बाहेर पडण्याचा पहिला खरा मार्ग लुई ब्रेल यांच्या सहा टिंबांनी दाखवला. त्यांनी ती लिपी १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी सिद्ध केली आणि १८२९ मध्ये तिचे विवरण प्रसिद्ध झाले. ब्रेलचे महत्त्व सांगताना सामान्यतः शिक्षणावर भर दिला जातो. परंतु अंध व्यक्ती आपल्या मित्राला, डोळस शिक्षकाला सहज वाचता न येणारे पत्र लिहू शकते, ही या लिपीने घडविलेली घटना तितकीच मोठी होती. १८४० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसच्या शाळेतच ही लिपी काही काळ बंद करण्यात आली. डोळसांच्या लिपीपासून अंधांना तोडणारी लिपी नको, ही भूमिका या विरोधामागे होती. भारतात अमृतसरला १८८७ मध्ये आणि मुंबईत १९०० मध्ये अंधशाळा निघाल्या. मुंबईची शाळा अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी दुष्काळाच्या काळात सुरू केली आणि पुढे ती दादरची अंधशाळा म्हणून नावारूपाला आली. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली. तथापि ब्रेल शिकलेल्याला ब्रेलमध्ये छापलेलेच वाचता येते. बँकेचे पत्र, औषधाची चिठ्ठी, कोर्टाची नोटीस ब्रेलमध्ये येत नव्हती. तेथे पुन्हा तिसऱ्याला बोलवावे लागे.

हे जेथे अधिकृतपणे मान्य केले गेले ते क्षेत्र म्हणजे मतदान. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४९-न नुसार दृष्टिहीन मतदाराला सज्ञान सोबती घेऊन मतदान कक्षात जाता येते. त्या सोबत्याला मताची गुप्तता राखण्याचे प्रतिज्ञापन करावे लागते आणि त्याच दिवशी तो दुसऱ्या कोणाचा सोबती होऊ शकत नाही. गुप्त मतदान हा लोकशाहीचा पाया मानणाऱ्या व्यवस्थेत एका वर्गाची गुप्तता मात्र एका कागदावरील शब्दावर सोपविलेली होती. सोबती बहुधा घरातलाच असतो, आणि घरातल्या माणसापासूनच आपले मत लपविण्याची गरज अनेकांना असते. मतदान यंत्रावर ब्रेल चिन्हे बसविण्याचा प्रयोग २००४ मध्ये आंध्र प्रदेशातील आसिफनगर पोटनिवडणुकीत झाला आणि २००९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत तो देशभर पोचला. सुगम्यता वाढली की खाजगीपण घटते हे गृहीतक येथे सपशेल उलटते. येथे सुगम्यता हेच खाजगीपण होते.

बँकांचा अनुभव याहून वेगळा नाही. धनादेश पुस्तिका, एटीएम, लॉकर अशा सुविधा अंध खातेदारांना सर्रास नाकारल्या जात. फसवणूक होऊ नये म्हणून, असे कारण दिले जाई. त्यातील काळजी खोटी होती असे म्हणता येणार नाही, पण ती सज्ञान माणसाला अज्ञान ठरविणारी होती. अखेर ४ जून २००८ च्या परिपत्रकाद्वारे रिझर्व्ह बँकेने दृष्टिहीन व्यक्ती करार करण्यास कायद्याने सक्षम असल्याचे स्पष्ट करून या सुविधा भेदभावाविना देण्यास सांगितले. २०१६ च्या नोटाबंदीनंतर आलेल्या नव्या आकाराच्या नोटा स्पर्शाने ओळखणे कठीण झाले तेव्हा नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ हे मोबाइल ॲप आणले. फोनच्या कॅमेऱ्यापुढे नोट धरली की तिचे मूल्य ऐकू येते, आणि एकदा फोनमध्ये बसविल्यावर त्याला इंटरनेट लागत नाही. हा तपशील बातम्यांत गौण ठरला, पण प्रस्तुत विषयात तो मध्यवर्ती आहे. कॅमेरा अंधाचा डोळा होऊ शकतो आणि तरीही त्याने पाहिलेले फोनच्या बाहेर जाण्याची आवश्यकता नसते, हे या साध्या ॲपने दाखवून दिले.

कॅमेऱ्याच्या चष्म्यांचा प्रवास या दोन टोकांमध्ये झालेला आहे. इस्रायलच्या ऑरकॅम कंपनीने चष्म्याच्या काडीला जोडता येणारे जे छोटे यंत्र बनवले ते मजकूर यंत्रातच वाचत असे. याउलट २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ‘बी माय आइज’ या सेवेत दूरवरचा डोळस स्वयंसेवक फोनच्या कॅमेऱ्यातून पाहून सांगतो. २०२३ मध्ये तेथे माणसाच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेचाही पर्याय आला. गूगलने २०१३ मध्ये बाहेर काढलेला चष्मा सर्वसामान्य बाजारात टिकला नाही, पण त्याच्या व्यावसायिक आवृत्तीवर आधारलेला एन्व्हिजन हा अंधांसाठीचा चष्मा भारतीय वंशाच्या दोन तरुणांनी नेदरलँड्समध्ये २०२० मध्ये उभा केला. रे-बॅन आणि मेटा यांचा चष्मा भारतात मे २०२५ मध्ये विक्रीस आला. हा शेवटचा चष्मा अंधांसाठी बनविलेला नाही, आणि त्याचे एक कारण पैशात आहे. केवळ अंधांसाठी बनविलेली उपकरणे महाग असतात. सर्वांसाठी बनविलेली त्या मानाने स्वस्त पडतात. मात्र त्यांच्या किंमतीचा काही भाग चित्रांच्या आणि आवाजाच्या रूपाने चुकता होतो.

येथे दृष्टिहीनाचे खाजगीपण पुन्हा पणाला लागते. डोळस माणसाला आपण कशाचे छायाचित्र काढले हे दिसते. अंधाला चौकटीत काय आले हे कळत नाही. अंधांनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांचा जो संग्रह संशोधकांनी ‘विझविझ’ या नावाने जमविला, त्यातील खाजगी आशयाचा स्वतंत्र अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चेहरे, बँकेची कार्डे, औषधांच्या बाटल्या आणि गर्भधारणा चाचणीच्या पट्ट्याही होत्या. या शेवटच्या नोंदीपाशी थांबावेसे वाटते. ती पट्टी दिसत नसलेल्या स्त्रीला उत्तर कोणाला तरी विचारावेच लागते: सासूला, शेजारणीला, किंवा अनोळखी यंत्राला. ती यंत्र निवडते. अशा निवडीला खाजगीपणाविषयीची बेफिकिरी म्हणणे हा अन्याय होईल. जवळच्यांपासून गुप्तता राखण्यासाठी तिने दूरच्याला आत घेतलेले असते.

चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र द्वंद्व खरे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये फेसबुकने चेहरा ओळखण्याची यंत्रणा सर्वांसाठी बंद केली, आणि तिच्याबरोबर छायाचित्रात कोण आहे हे अंधांना नावाने सांगणारी सोयही गेली. २०२३ मध्ये ‘बी माय आइज’च्या नव्या सेवेत काही काळ चेहऱ्यांचे वर्णन थांबविण्यात आले, तेव्हा अंध वापरकर्त्यांनी विरोध केला. डोळसांना जे फुकट दिसते ते आम्हाला सांगण्यासही बंदी का, हा त्यांचा युक्तिवाद होता. तो भक्कम आहे. तरीही पाहणे आणि नोंदविणे यांतील अंतर त्यात सुटते. डोळस माणूस रस्त्यावरचा चेहरा पाहतो आणि विसरतो. सर्व्हरला विसरण्याचे बंधन घालावे लागते.

कायद्याने दोन्ही हक्क मान्य केले आहेत. भारताने २००७ मध्ये मंजूर केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात अनुच्छेद ९ सुगम्यतेचे आणि अनुच्छेद २२ खाजगीपणाचे आहे. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निवाड्याने खाजगीपण मूलभूत हक्क ठरवला, तर ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निवाड्याने डिजिटल सुगम्यता अनुच्छेद २१ खाली आणली. त्या दुसऱ्या प्रकरणात बँकांची ओळख-पडताळणी ग्राहकाला कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावण्यास सांगत होती, आणि याचिकाकर्त्यांत एक अंध गृहस्थ होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात, व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला सूट आहे. म्हणजे चष्मा घालणाऱ्यावर त्या कायद्याचा भार नाही. तो चष्म्यामागच्या कंपनीवर आहे, आणि त्याची मुख्य कलमे नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनंतर टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. भार योग्य ठिकाणी ठेवला आहे, एवढे श्रेय त्या कायद्याला द्यावे लागेल.

चित्रण चालू असल्याची सूचना म्हणून अशा चष्म्यांवर एक बारीक दिवा लागतो. तो दिवा घालणाऱ्या अंधाला दिसत नाही आणि समोर दुसरा अंध असेल तर त्यालाही दिसत नाही. सिलतऱ्यात पाळी सुटताना रस्त्यावर उतरलेल्या कंत्राटी मजुराला दुपारच्या उन्हात तो दिसला, तरी त्याचा अर्थ काय हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ऑरकॅमसारखे यंत्र किंवा ‘मनी’सारखे ॲप वापरले तर त्या मजुराचा चेहरा यंत्राबाहेर जात नाही आणि अंधाला पाटीही वाचता येते. ही व्यवस्था तंत्रदृष्ट्या अशक्य नाही. ती महाग असते, किंवा विकणाऱ्याला तिच्यातून पुढचा लाभ होत नाही. तोवर मजुरीची पावती वाचायची झाली तर सिलतऱ्यातील दृष्टिहीनापुढे दोनच माणसे उरतात: शेजारच्या खोलीत राहणारा, ज्याला आपली मजुरी कळू नये असे त्याला वाटते, आणि परदेशातील एक कंपनी, जिला ती कळली तर काय होईल हे त्याला ठाऊक नाही.